शिवेपलीकडचा माग

१९५१ साली गोव्यात तांदळाची टंचाई होती. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात. तिथल्या एका व्यापाऱ्यानं मुंबईतल्या दलालाकडे शब्द टाकला आणि दलालानं त्याची गाठ कराचीच्या मुबारिक अली अहमदशी घालून दिली. व्यवहार पत्रांवर, तारांवर आणि टेलिफोनवर झाला. कराचीहून सांगितलं गेलं की माल तयार आहे, जहाजात जागा राखून ठेवली आहे, पैसे भरा. बाराशे टन तांदळाच्या सौद्यापोटी साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम मुंबईत भरली गेली. तांदळाचा दाणा आला नाही.

पुढे हा मुबारिक अली दुसऱ्याच एका खटल्यासाठी इंग्लंडहून प्रत्यार्पण होऊन मुंबईत आला आणि या फिर्यादीतही सापडला. सर्वोच्च न्यायालयात त्याच्या वतीनं मांडलं गेलं की तो पाकिस्तानचा नागरिक आहे, गुन्हा घडला म्हणता त्या दिवसांत त्याचं पाऊल भारताच्या भूमीवर पडलेलं नव्हतं, तेव्हा भारतीय दंडविधान त्याला लागूच होत नाही. १९५७ साली न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. शरीर कराचीत होतं, पण खोटं बोलणं मुंबईत ऐकलं गेलं, त्यावर विश्वास मुंबईत ठेवला गेला आणि पैसे मुंबईत हातचे गेले. म्हणून फसवणूक मुंबईत घडली, आणि त्यासाठी माणूस देहानं तिथे असण्याची गरज नाही.

माझ्या नोकरीचा बराच काळ पुणे आणि ठाणे जिल्ह्यांतल्या कोर्टांत सरकारी वकील म्हणून गेला. हा निकाल मी कितीदा तरी युक्तिवादात वापरला आहे. पण त्यातला प्रश्न कायद्याच्या पुस्तकात मावत नाही, असं मला पहिल्यापासून वाटत आलं. कर्म कुठे घडतं? हात हलतो तिथे, की घाव बसतो तिथे? आणि हात एका राजाच्या राज्यात असेल, घाव दुसऱ्याच्या, तर त्या कर्माचा जाब कोणी विचारायचा? आज ही धर्मजिज्ञासा रोज सकाळी पोलीस ठाण्यांच्या बाकांवर बसलेली असते. तिथे तिचं नाव ‘हद्द’ असं आहे. देशाच्या आत हा प्रश्न आपण निदान कागदावर तरी सोडवला. गुन्हा कुठल्याही ठाण्याच्या हद्दीतला असो, फिर्याद घेतलीच पाहिजे, शून्य क्रमांकानं नोंदवून पुढे पाठवली पाहिजे, असं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. देशाची वेस ओलांडली की मात्र शून्य क्रमांक कुणी लावून घेत नाही.

हा प्रश्न संगणकानं जन्माला घातलेला नाही. २ ऑगस्ट १९२६ च्या रात्री भर समुद्रात ‘लोटस’ या फ्रेंच जहाजाची आणि ‘बोझकुर्त’ या तुर्की जहाजाची टक्कर झाली, तुर्की जहाज बुडालं आणि आठ तुर्क मेले. फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला इस्तंबूलला चालवावा की फ्रान्समध्ये, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९२७ मध्ये न्यायाधीशांची मतं सहा विरुद्ध सहा अशी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तुर्कस्तानला अधिकार मिळाला. चूक फ्रेंच जहाजाच्या डेकवर झाली, परिणाम तुर्की जहाजावर झाला, आणि परिणामाची जागा हीही कर्माचीच जागा मानली गेली. जगातले इतके मोठे विधिज्ञ निम्मेनिम्मे वाटले जावेत, एवढा हा प्रश्न मुळातच अवघड आहे.

संगणकानं काय केलं, तर हातापासून घावापर्यंतचं अंतर मोजण्यापलीकडे नेलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या कार्डांची मंजुरी देणारी यंत्रणा चोरांनी बाजूला सारली होती आणि तिच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती. त्या दुपारी २८ देशांतल्या एटीएममधून नक्कल केलेल्या कार्डांवर पैसे निघू लागले. काही कोल्हापुरातूनही निघाले. सोमवारी हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी जवळपास १४ कोटी वळते झाले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. ही सगळी आपल्याकडची, एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं. मधल्या काळात, २०२१ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेनं उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या तीन हॅकरांवरचं आरोपपत्र जाहीर केलं आणि त्यांच्यासाठी पैसे धुऊन देणाऱ्या एका कॅनेडियन-अमेरिकन माणसानं कबुली दिली. त्या कबुलीत एका भारतीय बँकेची २०१८ ची एटीएम-लूटही होती. त्याला ११ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. उत्तर कोरियाकडून ते तिघे कुणाच्याही हाती लागणार नाहीत. एकाच कर्माचे तुकडे अशा तऱ्हेनं पुण्यात, हाँगकाँगमध्ये, अमेरिकेत आणि प्योंगयांगमध्ये विखुरलेले आहेत. प्रत्येक न्यायालय आपल्या हद्दीतला तुकडा तेवढा उचलतं. अख्खं कर्म कुणाच्याच समोर येत नाही.

आमच्या सोसायटीत सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसला, तुमच्या आधारकार्डावर परदेशी पार्सल पकडलं गेलं आहे असं सांगून त्यानं त्यांना घरातच ‘डिजिटल अरेस्ट’ केलं, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत रक्कम ‘सरकारी खात्यात’ ठेवायला लावली. निवृत्तीच्या वेळी मिळालेली बहुतेक पुंजी गेली. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन झाला, गुन्हा दाखल झाला, तपास अधिकारी सज्जन होता. पैसे तासाभरात कितीतरी खात्यांत फाटले होते आणि तिथून क्रिप्टो होऊन देशाबाहेर गेले होते. फोनचा माग कंबोडियाकडे जात होता. मी त्यांना समजावलं की परदेशातून पुरावा मागवायचा तर कोर्टाकडून विनंतीपत्र निघावं लागतं, त्याला केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती लागते, मग ते परराष्ट्र खात्यामार्फत तिकडच्या सरकारकडे जातं, तिकडच्या भाषेत भाषांतर करून. आणि उत्तर येईल ते त्यांच्या सवडीनं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वकीलबाई, चोर कुठे राहतो हे ठरत नसेल तर नसू दे. मी कुठे राहतो हे तर ठरलेलं आहे ना? माझ्या बाजूनं सुरुवात का होत नाही?”

त्यांच्या या बोलण्यानं मला पुन्हा जुन्या ग्रंथांकडे वळवलं.

माझे वडील, अण्णा, वाईला संस्कृतचे शिक्षक होते. प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशातली व्यवहारकांडाची पुस्तकं आमच्या घरी अधूनमधून येत, आणि मी कायदा शिकायला गेले तेव्हा अण्णांनी मला बजावलं होतं की इंग्रजी कायदा शीक, पण आपल्याकडच्या माणसांनी याच प्रश्नांवर काय विचार केला तोही सोडू नकोस. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना तऱ्हेच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची, असंही तिथे म्हटलं आहे. अण्णा हे शिकवत ते अहंकार कमी व्हावा म्हणून. मला ते आता आरोपपत्रासारखं वाचता येतं. सर्व्हर कुठे आहे हे अधिष्ठान. कळफलकावर बसलेला तो कर्ता. खोटं सिमकार्ड, भाड्यानं घेतलेलं बँक खातं, क्रिप्टोचं पाकीट ही करणं. आपला कायदा मात्र एक माणूस, एक जागा, एक वेळ यांच्या शोधात असतो, कारण तुरुंगात एकच माणूस एका वेळी घालता येतो.

आपस्तंब धर्मसूत्र आणखी पुढे गेलं आहे. करवून घेणारा, संमती देणारा आणि करणारा हे तिघंही कर्माच्या फळाचे वाटेकरी. ज्यानं अधिक हात लावला त्याचा वाटा अधिक. किती मोठं आहे हे! यात ‘कुठे’ हा शब्दच नाही. वाटा ठरतो तो गुंतण्यावरून, उभं राहण्याच्या जागेवरून ठरत नाही.

आणि गुंतलेला प्रत्येक जण सारखाच मोकळा असतो असंही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं डांबून ठेवून त्यांच्याकडून असले फसवणुकीचे फोन आणि संदेश करवून घेतले जात असावेत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली ही पोरं. पासपोर्ट काढून घेतलेले, ठरलेली रक्कम उकळली नाही तर मार. २०२५ च्या मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे पाचशेहून अधिक भारतीय म्यानमारच्या या छावण्यांतून परत आणले. गुरुजींशी हिंदीत बोललेला तो गणवेशातला मुलगा यांच्यापैकीच एक असू शकतो. तो चोर आहे की गुलाम? दोन्ही, असं म्हणावं लागेल. मग प्रत्यार्पण मागायचं ते कोणाचं, आणि सुटका करायची ती कोणाची? ज्या सरकारांना फक्त ‘आरोपी’ हा एकच रकाना भरता येतो, त्यांना हे उत्तर देता येत नाही. करवून घेणारा आपस्तंबानं पहिला मोजला आहे. आपण मात्र बहुतेक वेळा करणाऱ्यापाशीच थांबतो, कारण तो तेवढा हाती लागतो.

इथे अणीमांडव्याची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे. मांडव्य ऋषी मौनव्रत धरून आश्रमाच्या दाराशी उभे होते. चोर लूट घेऊन आले, आश्रमात लपले, लूटही तिथेच ठेवली. मागून राजाचे शिपाई आले, ऋषींना विचारलं, ते बोलले नाहीत. झडतीत माल आणि चोर दोन्ही सापडले. शिपायांना वाटलं हाही सामील. राजानं चोरांबरोबर ऋषींनाही सुळी दिलं. दुसऱ्याच्या घरात माल ठेवून लपणारे चोर आणि माल सापडला म्हणून घरमालकाला धरणारे शिपाई: ज्याचा वाय-फाय, ज्याचा हॅक झालेला संगणक, ज्याचं खातं परस्पर वापरलं गेलं, त्या प्रत्येकाची ही कथा आहे. खेड्यातला एखादा मुलगा चार-पाच हजारांसाठी पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाला तरी देतो. तो मांडव्याइतका निर्दोष नाही. पण पंधराशे किलोमीटरवरून आलेल्या पोलिसांच्या गाडीत तो बसतो तेव्हा सूळ त्याच्याच वाट्याला आलेला असतो.

ही कथा मला प्रत्यार्पणाच्या संथपणाकडे दुसऱ्या नजरेनं बघायला लावते. आपण चिडतो की एवढी कागदपत्रं कशाला, एवढ्या अटी कशाला. पण त्या अटी जगानं पुष्कळ मांडव्य सुळी चढवल्यानंतर शिकलेल्या आहेत. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे. ज्या गुन्ह्यासाठी मागितलं त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवला पाहिजे. राजकीय मतांसाठी कुणाला सोपवायचं नाही. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातही हे आहे. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालनं दिलं ते त्याला पंचवीस वर्षांहून जास्त डांबणार नाही या वचनावर, आणि २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ते वचन केंद्र सरकारनं पाळलंच पाहिजे असं सांगितलं. मुंबईच्या बॉम्बस्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांना हे पचवणं सोपं नाही, हे मी जाणते. तरीही तो निकाल मला योग्य वाटतो. परक्याला दिलेला शब्द आरोपी कोण आहे ते बघून बदलता येत नाही. ब्रिटनच्या गॅरी मॅकिनननं अमेरिकन लष्कराच्या आणि नासाच्या संगणकांत लंडनमध्ये बसून शिरकाव केला होता. त्याला दहा वर्षांच्या झगड्यानंतर २०१२ मध्ये प्रकृतीच्या आणि जिवाच्या कारणासाठी अमेरिकेला सोपवायचं नाही असं ब्रिटिश गृहमंत्र्यांनी ठरवलं. तिथेही माणूस बघितला गेला, नुसतं वॉरंट नाही.

पण अटींची दुसरी बाजूही मोठी जड आहे. ४ मे २००० ला ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू मनिलाहून निघाला आणि दिवसभरात जगभरच्या कचेऱ्यांमधल्या ईमेलमध्ये शिरला. ओनेल दे गुझमान या तरुणावर संशय होता. फिलिपाइन्समध्ये तेव्हा असल्या कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता. कायदा जूनमध्ये झाला, पण मागच्या तारखेनं लागू होऊ शकत नव्हता. म्हणून आरोप मागे घेतले गेले, आणि तिथे गुन्हा नाही म्हणून दुसऱ्या देशाला सोपवणंही शक्य नव्हतं. पुढे वीस वर्षांनी त्यानं ते आपणच केल्याचं एका पत्रकाराला सांगितलं. कायदा नव्हता तेव्हा ते पाप होतं की नव्हतं? मला विचाराल तर होतं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरू नये हे कळायला संसदेची गरज नाही. पण पाप होतं म्हणून राजानं दंड करावा, हे मात्र मला मान्य नाही. दंड आधी जाहीर केलेल्या नियमानंच व्हावा. मनिलाच्या सरकारी वकिलांनी त्या तरुणाला सोडलं ते बरोबर केलं, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना काहीच मिळालं नाही हेही तितकंच खरं आहे. दोन्ही सत्यं मला सोबत बाळगावी लागतात.

ज्यांना ही वाट बघणं असह्य होतं ते सरळ शिवेपलीकडे हात घालतात. २००० च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयनं ‘इन्व्हिटा’ नावाची खोटी कंपनी उभी करून चेल्याबिन्स्कच्या दोन रशियन हॅकरांना नोकरीच्या मुलाखतीच्या बहाण्यानं सिअ‍ॅटलला बोलावलं, त्यांनी टाइप केलेले पासवर्ड टिपले, आणि तेच वापरून रशियातल्या सर्व्हरवरचा पुरावा उतरवून घेतला. दोघांना शिक्षा झाली. रशियानं २००२ मध्ये एका एफबीआय अधिकाऱ्यावरच बेकायदा शिरकावाचा गुन्हा दाखल केला. या प्रकरणात रशियाचं म्हणणं मला कायद्यानं खरं वाटतं. आपल्याकडच्या वाचकाला यासाठी लांब जायला नको. ८ जुलै १९१० ला मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी उडी घेतली, ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले, आणि एका फ्रेंच शिपायानं त्यांना धरून ब्रिटिश पोलिसांच्या हवाली केलं. हेगच्या लवादानं २४ फेब्रुवारी १९११ ला म्हटलं की त्या अटकेत अनियमितता होती, पण म्हणून ब्रिटननं कैदी परत करावा असा कोणता नियम नाही. चुकीच्या मार्गानं हाती आलेला माणूस बलवानाकडेच राहिला. शीव ही दुबळ्याचं संरक्षण असते, हे ज्या देशानं असं अनुभवलं आहे त्यानं शिवेची टिंगल करू नये.

म्हणजे शीव मोडायची नाही, आणि शिवेआड चोर लपूही द्यायचा नाही. हे कसं जमायचं? याचं उत्तर मला याज्ञवल्क्य स्मृतीत आणि आपल्या मुलखाच्या जुन्या गावगाड्यात सापडलं.

नियम असा होता. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा. माग ज्या गावात शिरला त्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर गेल्याचं दाखवून द्यावं. दाखवता आला नाही तर नुकसान त्या गावानं भरून द्यावं. याज्ञवल्क्य स्मृतीतला हाच नियम शतकानुशतकं टिकला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यातही गावच्या रखवालदारांनी माग काढत शिवेपर्यंत जाणं, तिथे पुढच्या गावच्या रखवालदाराच्या स्वाधीन तो माग करणं, आणि माग हरवला त्या गावावर भरपाई येणं ही रीत नोंदवलेली आहे. याचा भार बहुतेक वेळा रामोशी, भिल्ल, महार यांच्यासारख्या, गावात सगळ्यात कमी वाटा मिळणाऱ्यांवर पडत असे. तो अन्याय होता आणि तो मी झाकणार नाही. पण नियमाच्या मुळाशी जो विचार आहे तो आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याहून प्रौढ आहे. आज सार्वभौमत्व म्हणजे ‘माझ्या हद्दीत तू विचारायचं नाहीस’ एवढाच अर्थ उरला आहे. गावगाड्याला शीव म्हणजे ‘इथपर्यंतची जबाबदारी माझी’ हे कळत होतं.

आणि कोणत्याच गावच्या शिवेत नसलेल्या मोकळ्या रानात चोरी झाली तर? तर आसपासच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून भरपाई द्यावी, असं याज्ञवल्क्य सांगतो. जो डेटा पाच देशांतल्या सर्व्हरवर एकाच वेळी तुकड्यातुकड्यानं पडलेला असतो, त्याची हद्द कोणती असं विचारत आजचे विद्वान थकतात. माझ्या मते त्यांनी हा नियम वाचावा. कुणाचंच नाही असं जे आहे त्याचं ओझं सगळ्यांनी मिळून उचलायचं. याच परंपरेत गौतम धर्मसूत्रापासून सगळे सांगत आले आहेत की राजानं चोरीचा माल शोधून मालकाला परत करावा, आणि जमलं नाही तर स्वतःच्या खजिन्यातून द्यावा. गुरुजींनी विचारलं होतं की माझ्या बाजूनं सुरुवात का होत नाही. धर्मशास्त्रात सुरुवात त्यांच्याच बाजूनं होते.

मग शरण आलेल्याचं काय, असं कुणी विचारेल. शिबी राजाच्या कथेत कबुतर त्याच्या मांडीवर येऊन बसतं आणि मागून ससाणा येऊन म्हणतो, माझा हक्काचा घास आहे, परत दे. ससाणा खोटं बोलत नव्हता, आणि शिबीनं त्याला खोटा ठरवलाही नाही. शरणागताला सोडलं नाही, मागणाऱ्याचा हक्कही नाकारला नाही, आणि स्वतःचं मांस तोलून दिलं. लहानपणी ही कथा मला दयेची वाटे. आता ती मला न्यायाची वाटते. जो देश माणूस सोपवायला नकार देतो त्याच्या अंगावर त्या नकाराबरोबर कर्ज येतं. रशियाच्या १९९३ च्या राज्यघटनेत आपला नागरिक परक्या देशाला सोपवायचा नाही असं स्पष्ट आहे. ठीक. मग तिथेच खटला चालवा, खरा चालवा. २००१ च्या बुडापेस्ट करारात हे कलम आहे: केवळ आपला नागरिक म्हणून नकार देणार असाल तर प्रकरण आपल्या अभियोक्त्यांकडे सोपवा आणि निकाल मागणाऱ्याला कळवा. भारतानं तो करार केलेला नाही. तो लिहिताना आम्हाला विचारलं नव्हतं आणि त्यातून परक्या पोलिसांना आमच्या इथल्या डेटापर्यंत थेट पोहोचता येईल, हे आपले आक्षेप आहेत, आणि त्यांत तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २४ डिसेंबर २०२४ ला नवा सायबर गुन्हे करार संमत केला, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हनोईत तो सह्यांसाठी खुला झाला. चाळीस देशांनी पक्का केल्यावर तो अमलात येईल. मानवाधिकारवाल्यांना त्याची भीती वाटते, कारण हुकूमशहाही त्याच्या आधारानं पत्रकार मागू शकतील. ती भीती मला खरी वाटते. म्हणून मी सोपवण्यापेक्षा ‘नाहीतर तुम्हीच खटला चालवा’ या बाजूला जास्त वजन देते.

हे वजन आधी आपल्या अंगावर घ्यायला हवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक मुलामुलींची चौकशी झाली, सत्तर जणांना अटक झाली. ही पोरं अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या कर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून, पोलीस दाराशी येतील अशी धमकी देऊन पैसे उकळत होती. फोन धरून थरथरणारे तिकडचे म्हातारे म्हणजे इकडचे गुरुजीच होते, आणि गणवेशातला माणूस आपला होता. त्याच महिन्यात अमेरिकेनं अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांसह ६१ व्यक्ती आणि संस्थांवर अशाच फसवणुकीचं आरोपपत्र जाहीर केलं. त्यातला अहमदाबादचा एक प्रमुख माणूस सिंगापूरला गेला असताना पकडला गेला, सिंगापूरनं २०१९ मध्ये त्याला अमेरिकेला सोपवलं आणि २०२० मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. तो भारतातच बसून राहिला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर मला आमच्या कोर्टांच्या अनुभवावरून माहीत आहे. फिर्यादी समुद्रापलीकडे, तारखेला येणार कोण, असं म्हणत अशा फायली तळाला जातात.

आपल्या प्रत्यार्पण कायद्याचं ३४-अ कलम सांगतं की एखाद्याला सोपवता येत नसेल तर केंद्र सरकार त्याच्यावर इथे खटला चालवू शकतं. चालवलाच पाहिजे असं ते सांगत नाही. संसदेनं ही मुभा काढून तिथे बंधन घालावं. साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची सोय कायद्यात आता आहे. ओहायो किंवा टेक्सासमधल्या फसलेल्या म्हातारीची साक्ष ठाण्याच्या न्यायालयानं तिच्या घरी बसलेली असताना नोंदवून घ्यावी, त्यासाठी वेळेच्या फरकामुळे कोर्ट रात्री बसवावं लागलं तरी बसवावं. आणि कंबोडियाकडे गुरुजींचे पैसे मागायला जाणाऱ्या आपल्या सरकारनं त्या आधी मीरा रोडला पोहोचलेल्या मागाचा हिशेब पुरा करावा.